टेपला ळ येत नाही

माझ्या बाबांच्या डोक्यावर केस नाहीत आणि त्यांची मोठी बहीण त्यांना 'बाळ' म्हणते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तो जोडला आमच्या लखनौच्या शेजारच्या आंटींनी.

आत्या मिरजेहून आमच्याकडे राहायला आली त्याला चार दिवस झाले होते. आमच्या जानकीपुरम वसाहतीत तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते, त्यामुळे ज्यांची घरं बांधून झाली होती ते लोक एकमेकांना धरून असत. कुणाकडे पाहुणा आला की तो सगळ्या गल्लीचा. आंटी आत्याला भेटायला आल्या, चहा झाला, मिरजेची हवा, गुडघेदुखी, सगळं विचारून झालं. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "दीदी, एक बात पूछें? बुरा मत मानिएगा. आप भाईसाहब को बाल क्यों कहती हैं?"

आत्याला प्रश्नात काही वावगं दिसलं नाही. "छोटा था ना, तब से बोलती हूँ," ती म्हणाली.

आंटींनी सहानुभूतीनं मान हलवली. "अच्छा. हाँ, तब तो रहे होंगे."

आई कप उचलून स्वयंपाकघरात पळाली, आणि तिथून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. नळाला तेव्हा पाणी नव्हतं.

मला मात्र हसू आलं नाही. आंटींना ळ ऐकूच आला नव्हता, आणि माझी अडचण अशी की तो मलाही येत नव्हता. आत्या बाबांना हाक मारायची तेव्हा मलाही 'बाल'च ऐकू यायचं. फक्त त्याचा अर्थ मला माहीत होता, एवढाच आंटींच्यात आणि माझ्यात फरक.

बाबांची बँकेतून लखनौला बदली झाली तेव्हा मी तीन वर्षांची होते. पुढे त्यांनी बदल्या टाळल्या आणि आम्ही तिथलेच झालो. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर. तिथंही आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. कधी मराठी बोललेच तर सगळे ळ सपाट होऊन बाहेर पडायचे. आई-बाबांच्या कानांना त्याची सवय झाली होती. आई स्वतः 'सब्जी' चिरायला लागली होती, ती मला काय सांगणार?

त्यात मला तोंड उघडून बोलायची सवयच नव्हती. शाळेत हळू बोलणं म्हणजे चांगलं वळण मानत आणि माझ्या प्रगतिपुस्तकात 'सॉफ्ट-स्पोकन' असा शेरा दरवर्षी यायचा. मी ओठ जेमतेम विलग करून बोलायची. आत्यानं पहिल्याच दिवशी निदान केलं, "हिचं बोलणं दिसतच नाही गं."

आत्या निवृत्त शिक्षिका होती. तीसेक वर्षं तिनं पहिलीचा वर्ग घेतला होता, म्हणजे तीसेक वर्षं ती लहान मुलांच्या तोंडात बघत होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला निवडायच्या तांदळाचं ताट दिलं. मी म्हटलं, "आत्या, मला आत्ता वेल नाही."

"कसला? दुधीचा का कारल्याचा?"

मला कळलं नाही. बाबा पेपरामागून म्हणाले, "ताई, तिला वेळ म्हणायचंय."

"मला कळतंय रे बाळ, तिला काय म्हणायचंय ते. ती म्हणत का नाही एवढंच विचारतेय."

असं ती हसत हसत म्हणायची. चिडवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मी 'डोले दुखतायत' म्हटलं की ती विचारायची, "कोण डोले?" मी 'पोली' मागितली की म्हणायची, "ती काय असते? आमच्याकडं पोळी असते, देऊ?" मी हसायची आणि पोळी घ्यायची. मला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटलं ते एका दुपारी, आणि त्यात ळ कुठं नव्हताच.

मी शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसले होते. अकरावीची चाचणी होती. मध्ये दाराचा पडदा, पलीकडे आई आणि आत्या आडव्या पडलेल्या, आणि खिडकीतल्या कूलरची घरघर. तो मध्येच थांबला, लाइट गेली असावी, आणि त्या अचानक झालेल्या शांततेत आत्याचा आवाज अगदी स्वच्छ आला.

"पोरगी गोड आहे गं. पण आपली वाटत नाही."

आई काहीतरी हळू बोलली. मग कूलर पुन्हा सुरू झाला.

त्या वाक्याबरोबर आत्याचा चेहरा नव्हता. ती हसत म्हणाली का उसासा टाकून, आईला कोपरानं ढोसत का छताकडे बघत, मला काहीच दिसलं नाही. फक्त शब्द आले, पडद्यातून गाळून. मी ते जसेच्या तसे ठेवून घेतले आणि कुणाला सांगितलं नाही. मी तशीच आहे, माझ्याकडे गोष्टी राहतात. फक्त त्या दिवसापासून मी आत्याशी मराठी बोलणं बंद केलं. "हाँ आत्या." "बस, आ रही हूँ." "खा लिया." हिंदीत निदान चुका तरी नव्हत्या.

आत्याचं परतीचं तिकीट गणपतीनंतरचं होतं. तेवढ्या दिवसांत तिनं ते वाक्य मागे घ्यावं अशी माझी इच्छा होती. ती ते बोललीय हे मला माहीत आहे, हे तिला माहीत नव्हतं, त्यामुळे मागे कसं घेणार, हा प्रश्न होताच.

*

लखनौतले मराठी लोक गणपतीत एकत्र यायचे. बँकेतले, कंपन्यांतले, सैन्यातले. कार्यक्रम छावणीतल्या एका युनिटच्या हॉलमध्ये व्हायचे, कारण तिथं स्टेज होतं, जनरेटर होता आणि वेळ पाळली जायची. मुलांचं नाटक एका मेजरांच्या बायकोकडे असायचं. तिला सगळे मेजरकाकू म्हणत आणि मेजरकाकांपेक्षा जास्त घाबरत. त्या वर्षी त्यांनी नाटक स्वतः लिहिलं होतं. एक दुष्ट राजा, त्याच्या राज्यात जन्मलेलं एक बाळ, आणि ते मोठं होऊन राजाला धडा शिकवणार अशी आकाशवाणी. अशा राजाची कुठलीही गोष्ट तुम्ही ऐकली असेल तर हे नाटक तुम्ही पाहिलंय.

मी तालमींना मुलांच्या मिशा रंगवायला म्हणून गेले होते. एका तालमीत मेजरकाकू म्हणाल्या, "आकाशवाणीला मोठ्या मुलीचा आवाज हवा गं, ही पिल्लं चिरकतात. तू करशील? तुला कुणी बघणार नाही. पडद्यामागे माइकसमोर उभं राहायचं, एक वाक्य म्हणायचं, झालं."

कुणी बघणार नाही एवढंच मी ऐकलं आणि हो म्हटलं. घरी येऊन कागद उघडला.

'दुष्ट राजा, डोळे उघड! पाळण्यातलं ते बाळ, तोच तुझा काळ!'

चार. एका वाक्यात चार. मेजरकाकूंनी ते माझ्यासाठी मुद्दाम लिहिलं असतं तरी याहून जास्त बसले नसते.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी ते म्हणून दाखवायला लावलं. मी पानाकडे बघत म्हटलं. बाबांनी घास थांबवला. "पाळण्यातला केस, तोच तुझा कालचा दिवस," त्यांनी अर्थ सांगितला आणि टकलावरून हात फिरवला. "राजाचं काय मला माहीत नाही. पण मला बरीच आशा वाटली."

आई म्हणाली, "हिंदीत काल म्हणजे तेच की हो. लोकांना कळेल."

"नाटक मराठी आहे ना?" आत्या म्हणाली. तिनं पदराला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला घाबरून तीसेक वर्षं मिरजेतली पोरं शहाणी झाली असणार. "उद्या दुपारी चारला. पाटी नको, तू ये."

*

ळ शिकवायची आत्याची पद्धत बघण्याची होती. ती खुर्चीवर, मी समोर वेताच्या मोड्यावर. "माझ्या तोंडात बघ," ती म्हणायची, आणि मोठा आ करून जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि सोडायची. "जीभ वळव."

"वलव."

"वळव गं. गुंडाळी कर. चटई गुंडाळतो तशी."

तोंड एवढं उघडायचं म्हणजे मला चारचौघांत उभं राहून आंघोळ करायला सांगितल्यासारखं वाटायचं. पण खोलीत आम्ही दोघीच होतो. तिसऱ्या दिवशी मी आ केला, जीभ तिला दिसेल अशी उचलली आणि 'बाळ' म्हटलं.

"आला!" आत्या ओरडली. "अगं, आला की!"

मला आला असं वाटलं नव्हतं. पण शिक्षकांनी बरोबरची खूण केल्यावर कोण भांडतं? दुसऱ्या दिवशी आत्या ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत होती. मी तिच्या पाठीमागे उभी राहून तसंच, अगदी तसंच म्हटलं. ती न वळता म्हणाली, "गेला. काल आला होता, आज गेला."

मी तिच्या समोर जाऊन म्हटलं.

"हां. आला."

इथं मला संशय आला. मी अबोल आहे, पण मूर्ख नाही. अबोल माणसांना बघायला वेळ भरपूर मिळतो. मी आत्याकडे बघायला लागले. ती चष्मा काढून ठेवायची तेव्हा मी कितीही घासून म्हटलं तरी ळ येत नव्हता. चष्मा घातला की यायचा. एकदा तर मी बोलत असताना ती उशा चाचपायला लागली आणि म्हणाली, "थांब, माझा चष्मा कुठंय? नीट ऐकू येत नाहीये."

मग मी एक वाईट गोष्ट केली. तिच्या समोर बसून, आ करून, जीभ भरपूर वर वळवून दाखवली, आणि ऐन वेळी ती गुपचूप दातांमागे आणून सरळ साधा, लखनवी ल म्हटला.

आत्याचे डोळे भरून आले. "इतका सुंदर तर मिरजेतल्या पोरींचा पण येत नाही," ती म्हणाली.

बाथरूमच्या आरशासमोर मी हाच प्रयोग स्वतःवर केला. आरशात बघून म्हटलं की मला ळ ऐकू यायचा. डोळे मिटून म्हटलं की ल. आता आरशासमोर दोन जणी होत्या आणि त्यातली खरी कोण बोलत होती ते मला सांगता येईना. बाहेरून आईनं दार ठोठावलं, "काय चाललंय आत? बाल बाल काय करतेयस? गळतायत का?"

पुढे कॉलेजात मानसशास्त्राच्या बाईंनी आम्हाला टीव्हीवर एक तोंड दाखवलं होतं. तोंड 'ग' म्हणत होतं, आवाज 'ब'चा लावला होता, आणि सगळ्या वर्गाला 'द' ऐकू आला. मुली किंचाळल्या. बाई म्हणाल्या, डोळे मिटा. सगळ्यांनी मिटले आणि 'ब' आला. उघडले, 'द'. आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही, असं बाई समजावत होत्या. मी शेवटच्या बाकावर शांत बसले होते. मला आत्या होती.

पण तेव्हा, त्या गणपतीच्या आधी, मला त्यातलं शास्त्र माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की माझा ळ हा दाखवायचा ळ आहे, ऐकवायचा नाही. आणि माझी भूमिका होती आकाशवाणीची. जाड हिरव्या पडद्यामागे. जिथं मी मोठ्या आनंदानं, कुणी बघणार नाही म्हणून, गेले होते.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी बघावं असं वाटत होतं. आणि हे मेजरकाकूंना सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

*

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. आत्या तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली जांभळी साडी नेसून. तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. टेप त्यांच्या एका मित्रानं परदेशातून आणलेला होता, जपानी, आणि बाबा त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आत्या शेजारच्या अनोळखी बाईंना काहीतरी सांगत होती आणि स्टेजकडे बोट दाखवत होती. काय म्हणतेय ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण मला स्पष्ट ऐकू आलं, 'आमची आहे, आकाशवाणी.' किंवा मला तसं दिसलं.

राजा म्हणजे सातवीतली एक उंच मुलगी होती. मी रंगवलेली मिशी तिला इतकी आवडली होती की तिनं तिला हात लावून लावून अर्धी गालावर नेली होती. राजा रथातून येणार होता. रथ म्हणजे जेवणाचे डबे वाहायची चाकांची गाडी, सोनेरी कागद लावलेली. संगीत वाजलं. राजा आला, हसला, प्रजेला चार शिव्या दिल्या, आणि रथ वळवला. त्याचं मागचं चाक माइकच्या वायरवरून गेलं, अडकलं, आणि राजानं जोर लावला.

भिंतीतून प्लग निघाल्याचा छोटासा 'टक' मला ऐकू आला. मी माइकवर टिचकी मारली. काहीच नाही.

स्टेजवर राजा आकाशाकडे बघत थांबला. आकाश गप्प होतं. पहिल्या रांगेतली मुलं बोलायला लागली, कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. समोरच्या विंगेत मेजरकाकू हात हलवत होत्या. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता, पण त्यांचं तोंड इतकं मोठं हलत होतं की बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं. "बा-हे-र ये! बा-हे-र!"

त्या घटकेला मी पळून गेले असते तर माझ्या स्वभावाला धरून झालं असतं. पण तिसऱ्या रांगेत आत्या चष्मा साफ करत होती. तिनं तो घातला आणि पुढे झुकून बसली.

मी बाहेर गेले. निळा सलवार-कमीज, दोन वेण्या, पायांत रबरी चपला. पुठ्ठ्याच्या ढगाशेजारी उभी राहिले, तोंड दाताच्या डॉक्टरसमोर उघडतात तेवढं उघडलं, जीभ मागच्या रांगेला दिसेल अशी वळवली आणि ओरडले, "दुष्ट राजा, डोळे उघड! पाळण्यातलं ते बाळ, तोच तुझा काळ!"

माझा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तान्हं रडायचं थांबलं.

राजा माझ्याकडे पाठ करून उभा होता. तो दचकून म्हणाला, "काय? माझा काल?" पण त्याचं मनावर घेण्यासारखं नव्हतं. तीही लखनौचीच मुलगी होती.

नाटक संपल्यावर आत्या गर्दीतून वाट काढत आली. तिनं माझे दोन्ही गाल एकाच हातात धरले. "आले! चारीच्या चारी आले!" ती सगळ्यांना सांगत सुटली. "ऐकलंत ना? पाळण्यातलंचा सुद्धा आला. अवघड असतो हो तो, शब्दाच्या मधला." अनोळखी बाई माना डोलावत होत्या. त्यांनीही ऐकला होता.

बाबा टेपचं बटण बंद करत म्हणाले, "सगळं आलंय हं यात."

टेपला डोळे नव्हते.

*

मी दोन दिवस काहीतरी व्हायची वाट पाहिली. कॅसेट अडकेल, लाइट जाईल, सेल संपतील. लखनौत एरवी हवी तेव्हा जाणारी लाइट त्या रविवारी सकाळी गेली नाही. आत्याची बॅग अर्धी भरलेली होती. दोन दिवसांनी तिची गाडी होती. नाश्ता झाल्यावर बाबांनी टेप टेबलावर मांडला. "ऐकू या आमच्या आकाशवाणीला."

सुरुवातीला खूप खुर्च्या सरकल्या. मग टेपमधल्या आत्यानं विचारलं, "बाळ, लाल बटण दाबलंस का रे?" मग संगीत, राजाच्या शिव्या, तान्ह्याचं रडणं. आणि मग मी.

"दुष्ट राजा, डोले उघड! पालण्यातलं ते बाल, तोच तुझा काल!"

टाळ्या. बाबांनी बटण दाबलं. आई टेबलावरचे ब्रेडचे कण एका बोटानं गोळा करायला लागली. मी माझ्या चपलेकडे बघत होते. मला वाटलं, झालं. आता आत्याला कळलं की मी तिला महिनाभर फसवलं. त्या दुपारचं वाक्य आता कायमचं झालं.

आत्यानं घसा साफ केला. "टेपला ळ येत नाही," ती म्हणाली.

"काय?" बाबा म्हणाले.

"मी होते ना तिथं. माझ्या या कानांनी ऐकला. जपानी आहे ना तो? त्याला कुठून यायचा ळ?"

"ताई, अगं सुरुवातीलाच तू मला हाक मारलीयस. तुझा आलाय की त्याला."

"माझ्या ळला कोण अडवतंय?" आत्या म्हणाली. "पोरीचा नाजूक आहे."

बाबा हसायला लागले आणि मग खोकायला लागले. "कबूल कर ना ताई. मला पण तेव्हा ऐकू आलेला. आता नाही येत. काय भानगड आहे कुणास ठाऊक."

भानगड मला ठाऊक होती. आणि मी, अजून मला आश्चर्य वाटतं, मराठीत म्हणाले, "आत्या, परत ऐक. मी तोंड हलवते."

बाबांनी कॅसेट मागे घेतली. मी आत्यासमोर मोड्यावर बसले, जशी दुपारी बसायची तशी. टेप सुरू झाला आणि आवाज न काढता, आ करून, जीभ वळवून, मी टेपबरोबर तोंड हलवलं.

"हा काय!" आत्यानं टेबलावर हात आपटला. "हा काय आला! डोळे!"

"अगंबाई," आई म्हणाली. "खरंच की हो वन्सं."

"मला 'काल'च ऐकू आलं," बाबा म्हणाले. ते आमच्याकडे पाठ करून खिडकीत उभे राहून दुसऱ्या कॅसेटची सुटलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळत होते.

"तू पाठ करून उभा आहेस म्हणून. इकडं बघ."

परत टेप मागे. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आला! आयला, आला की." मान खिडकीकडे केली. "गेला." परत वळवली. "आला." आईला इतकं हसू आलं की तिनं टेबलावर डोकं टेकवलं. बाबा तीनचार वेळा मान इकडून तिकडे करत राहिले आणि दर वेळी निकाल देत राहिले. शेवटी मान अवघडली म्हणून खिडकीकडे तोंड करून फीत गुंडाळायला लागले.

मी आत्याला सगळं सांगितलं. चष्म्याचं, ओट्याचं, दातांमागे आणलेल्या जिभेचं. तिचे भरून आलेले डोळे मी माझ्या फसवणुकीच्या खात्यावर धरले होते, तेही. पडद्याआडून ऐकलेलं वाक्य फक्त नाही सांगितलं.

आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. रागावली नाही. जरा वेळानं तिनं आपला चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले.

"आता म्हण," ती म्हणाली. "मला नको, त्याला म्हण. मी कशी हाक मारते? तशी मार. शिकल्यासारखी नको. जेवायला बोलवल्यासारखी."

बाबांची पाठ होती. उन्हात त्यांचं टक्कल चमकत होतं. मी जिभेचा विचार केला नाही, चटईचा नाही, आरशाचा नाही. दीड महिना रोज रात्री जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातून जी हाक ऐकत होते ती फक्त आठवली, तिचा चढ, तिची शेवटची ओढ, आणि ती तशीच्या तशी सोडून दिली.

"बाळ!"

"आलो गं ताई, एवढी फीत होऊ दे," बाबा न वळता म्हणाले.

आईनं डोकं वर केलं. खोलीत फक्त पेन्सिलीचा खरखर आवाज येत होता. फीत गुंडाळून झाल्यावर बाबा वळले आणि आत्याकडे पाहून म्हणाले, "काय झालं? हाक का मारलीस?"

आत्यानं डोळे उघडले. "मी कुठं मारली?" ती म्हणाली. "आपली पोरगी हाक मारतेय तुला."

'आपली' म्हणाली. निदान मला तसं ऐकू आलं. या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत होते.